कपावरचा सातवा माणूस

नाना, प्रेसमध्ये कप अडकवला की साडेतीन मिनिटं माझे हात मोकळे असतात. तेवढ्यात हे लिहिते आहे. बीप वाजली की उठावं लागतं, म्हणून मधे मधे तुटेल. चालवून घ्या. माझं एवढं चालवून घेतलंत, त्यात हेही.

आज शनिवार, दुपारचे दोन. ऊन असं की रस्त्यावर चिटपाखरू नाही. शटर अर्धं खाली ओढलंय. हे लग्नाच्या शूटिंगला रावेरला गेलेत, दुकानात मी एकटी. उद्या सकाळी दहा वाजता जुन्या फायर स्टेशनच्या अंगणात निरोपाचा कार्यक्रम आहे. साठ कप द्यायचेत, एकोणीस झालेत. लाइट गेली तर संपलंच.

तुम्हाला जाऊन आज आठ दिवस झाले. या आठ दिवसांत मी एकदाही रडले नाही, आणि ते तुमच्या सूनबाईंच्या नजरेतून सुटलेलं नाही. “सुनीताताई फार कडक आहेत,” असं त्या कुणाला तरी म्हणाल्या. कडक कसली डोंबलाची! रडायला मला तोंड नव्हतं.

हेच साठ कप मी अठरा दिवसांपूर्वी छापून, खोक्यांत भरून तयार ठेवले होते. ते सगळे बाजूला सारून आता पुन्हा छापते आहे. का, ते तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. मी कबूल केलं नव्हतं, म्हणून आता लेखी देते.

फोटो तुमचाच. फायर स्टेशन बायपासच्या नव्या इमारतीत जाणार, जुनी दगडी इमारत रिकामी होणार, म्हणून साहेबांनी ठरवलं की सगळ्यांना आठवण म्हणून एकेक कप द्यायचा, वर स्टेशनचा जुना फोटो. तुम्ही घरच्या भिंतीवरची फ्रेम उतरवून, पंच्यात गुंडाळून दुकानात आणलीत. “काच काढजो जपीसन,” असं मला चारदा बजावलंत. जसं काही मी पहिल्यांदाच फ्रेम उघडत होते.

दोन कमानींचे दरवाजे, वर पितळी घंटा, मागे पाइप वाळत घालायचा उंच मनोरा, पुढे लांब नाकाचा बंब आणि बंबापुढे सात माणसं. डाव्या टोकाला तुम्ही, ड्रायव्हर, एक हात बंबाच्या मडगार्डवर. उजव्या टोकाला माझे आबा, खांद्यावर पाइपाची गुंडाळी, उन्हानं डोळे बारीक केलेले. माझ्या बापाचा मला नीट आठवणारा चेहरा तोच. मी अकरा वर्षांची असताना ते जिनिंगच्या आगीत गेले.

बीप वाजली.

वीस झाले. कागद सोलताना बोट भाजलं, पण छपाई चांगली आली आहे.

तर ती आग. कापसाच्या गाठींना लागलेली आग बाहेरून विझल्यासारखी दिसते आणि आतून धुमसत राहते, हे तुम्हीच मला नंतर सांगितलंत. आबा पाइप घेऊन शेडमध्ये गेले आणि वरचे पत्रे खाली आले. गावात त्यावर एकच वाक्य चालायचं. तो आत गेला आणि ड्रायव्हर बाहेर उभा राहिला. शाळेत, पिठाच्या गिरणीवर, लग्नाच्या पंगतीत, कुठंही कुणी तरी ते हळूच म्हणायचं आणि माझ्याकडे बघायचं. मी त्या वाक्यावरच वाढले, नाना.

आणि तुम्ही आमच्याकडे येतच राहिलात. दिवाळीत फटाके आणायच्या आधी वाळूची बादली आणून अंगणात ठेवायचात. गॅसची नळी वास घेऊन तपासायचात. माझ्या लग्नात तर तुम्ही कमालच केलीत. आचाऱ्यानं कढई मांडवाच्या कनातीजवळ ठेवली म्हणून त्याच्याशी भांडलात. “तठे नको! कपडा जोडे शे!” शेवटी कढई हलवायला लावलीत आणि अक्षता पडेपर्यंत पाण्यानं भरलेल्या दोन बादल्या पायाशी घेऊन उभे राहिलात. वराकडची माणसं हसत होती. माझ्या सासऱ्यांनी विचारलं, हे कोण? मी म्हणाले, आबांचे दोस्त. त्या दिवशी मी एवढंच म्हणू शकले.

कारण आदल्याच दिवशी, हळद लागलेली असताना, मी तुम्हाला मागच्या दारी गाठलं होतं. मला लग्नाआधी एकदाचा निकाल लावायचा होता. मी सरळ विचारलं, “आबा मधमा गयात तवय तुमी कोठे व्हतात?”

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग माझ्या मागे, आई जिथं तांदूळ निवडत बसली होती तिकडं पाहिलंत. आणि म्हणालात, “बंब जोडे व्हतू.”

बस, बंबाजवळ होतो, एवढंच. मला वाटलं होतं काही तरी कारण सांगाल, निदान चिडाल तरी. तुम्ही बादल्या उचलल्यात आणि निघालात. मी त्याला कबुलीजबाब समजले. तिथून पुढं तुम्ही रोज चार वाजता दुकानात यायचात, मी चहा द्यायचे, तुम्ही स्विचबोर्डाला हात लावून म्हणायचात, “हाई वायर तपी ऱ्हायनी, सुनी. एक दिन दुकान पेटी जाई.” मी म्हणायचे, पेटलं तर तुम्ही आहात की बाहेर उभे राहायला. हसत हसत म्हणायचे. तुम्हीही हसायचात. 

बीप.

सव्वीस. मधे लिहिता आलं नाही. फायर स्टेशनचा संजू येऊन गेला, टेम्पो उद्या साडेआठला येईल म्हणाला.

कपाचं सांगते. कपाभोवती जाणारी छपाई म्हणजे एक लांब पट्टी. जिथं कान असतो तिथं थोडी जागा सोडावी लागते, म्हणून पट्टीची टोकं नीट बसवावी लागतात. तुमचा फोटो त्या पट्टीत जरा रुंद होत होता. मी तो थोडा लहान केला असता, वरचं आभाळ आणि मनोरा कापला असता, तर सातही माणसं आरामात मावली असती. हे मला त्याच क्षणी दिसलं होतं. पंचवीस वर्षं हेच काम करते मी.

मी फोटो लहान केला नाही. चौकट डावीकडून आत सरकवली. तुम्ही कटलात. तुमच्या शेजारच्या माणसाला धक्का न लावता जेवढं कापता येईल तेवढं कापलं, त्यामुळे मडगार्डवरची तुमची चार बोटं तेवढी राहिली. तीही मला दिसली होती. म्हटलं, राहू देत.

त्या दिवशी चारला तुम्ही आलात. मी पहिला कप तुमच्या हातात दिला. खरं सांगायचं तर मला बघायचं होतं. चष्मा लावून तुम्ही कप फिरवलात आणि बोट ठेवत मोजलंत. सहा झाले. पुन्हा उलट्या बाजूनं मोजलंत.

“सातवा कोठे शे?”

“कानाला जागा लागते, नाना,” मी म्हणाले.

तुम्ही कानाच्या आतून अंगठा घालून ती चार बोटं पुसल्यासारखी केलीत. घाण लागली असेल तर निघेल, तशी. मग उजव्या टोकाकडं आलात, आबांपाशी थांबलात. “तुना बाप दिसस ना? मंग बस,” म्हणालात, कप काउंटरवर ठेवलात आणि निघालात. चहा तसाच राहिला. वायरीला हात लावला नाहीत.

त्यानंतर नऊ दिवस आला नाहीत. तुमचं घर दोन गल्ल्या पलीकडे. रोज चार वाजले की मी रस्त्याकडे बघायचे आणि मनात म्हणायचे, रुसले असतील तर रुसू देत, मी नाही जाणार. दहाव्या दिवशी सकाळी तुमच्या मुलाचा फोन आला. पहाटे छातीत दुखलं, धुळ्याला नेताना वाटेतच गेलात.

तुम्ही नऊ दिवस आजारी होतात की रागावला होतात, हे मी कुणालाच विचारलं नाही. विचारायची हिंमत नाही.

बीप.

अठ्ठावीस. टेप वाकडी लागली होती, काढून परत लावली.

हार घालायला फोटो हवा म्हणून तुमचा मुलगा माझ्याकडेच आला. घरात वर्दीतला फोटो एकच, तो माझ्याकडे. भिंतीवर फ्रेमच्या जागी नुसता पांढरा चौकोन होता. मी कॉम्प्युटरवर पूर्ण फोटो उघडला आणि कपावरून मी काढून टाकलेला तुकडा मोठा केला. तुम्ही तेव्हा सव्वीस-सत्तावीसचे असाल. माझ्या मुलापेक्षा लहान. मिशी राखायचा प्रयत्न चाललेला. चाळीस वर्षं मी ज्याच्यावर दात खाल्ले तो माणूस एवढा पोरगेला होता, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. तरीही नाना, राग गेला नाही. फोटोची प्रिंट काढून दिली, फ्रेमही माझ्याच दुकानातली, पण राग होता तिथंच होता.

तो गेला परवा, गुरुवारी. म्हणजे गेला म्हणण्यापेक्षा, उलटून माझ्यावरच आला.

संजू हा तुमच्या जागेवरचा आत्ताचा ड्रायव्हर, तुम्हीच शिकवलेला. खोकी न्यायला आला होता. एक कप काढून त्यानं फिरवला, सगळे चेहरे पाहिले आणि म्हणाला, “ताई, बठ्ठा शेत, मंग नाना कोठे शेत?” मग जवळ धरून, “हाई बोटं कोनी शेत?”

मी चिडले. माझ्या तोंडून निघून गेलं, “तुमचे नाना नेहमी बाहेरच असायचे ना, म्हणून बाहेर ठेवलंय.”

त्यानं कप खाली ठेवला. त्याला काही कळलं नसावं. मग मी ते सगळं बोलले, आबा, जिनिंग, पत्रे. विचारलं, दोस्त आत जळत असताना ड्रायव्हर बाहेर कसा काय उभा राहतो?

संजू आवाज न चढवता म्हणाला, “ताई, ड्रायव्हर मधमा जाई तं पानी कोन दी?”

मग त्यानं समजावून सांगितलं. बंबाचा पंप ड्रायव्हरच्या हातात. आत पाइप धरलेल्या माणसाभोवती जे काही गार असतं ते त्या पाण्यानंच. ड्रायव्हरनं लिव्हर सोडली, पाण्याचा जोर पडला, की आतला माणूस तिथंच संपला. म्हणून काहीही झालं तरी पंप सोडायचा नाही. मागे वळून बघायचंसुद्धा नाही, नजर पाण्याच्या दाबाच्या काट्यावर. “नाना आमले पैल्ला दिन हाईच शिकाडेत,” तो म्हणाला. “पाइप ताठ शे म्हनजे पलीकडे मानूस जित्ता शे, आसंच धरानं.”

आणि मग, नाना, त्यानं ते सांगितलं. पत्रे पडल्यावरही तुम्ही पंप चालूच ठेवलात. टाकी संपत आली तशी दुसरी गाडी जोडून घेतलीत. लोक ओरडत होते, आता बंद कर, आत कुणी नाही. तुम्ही ऐकलं नाहीत. शेवटी दोघांनी धरून तुमची बोटं लिव्हरवरून एकेक करून सोडवली. हे संजूला तुम्ही सांगितलं नव्हतं, त्या दोघांतल्या एकानं सांगितलं होतं.

एकेक करून बोटं सोडवली. आणि मी तीच बोटं कपावर ठेवून दिली होती, राहू देत म्हणून.

तो गेल्यावर मी दुकान बंद करून बसले. मला तुमचा भयंकर राग आला. का नाही सांगितलंत? हळदीच्या दिवशी मी विचारलं होतं ना! दोन वाक्यांचं काम होतं. मी काही अगदीच दगड नव्हते. तुमच्याशी असं मनात भांडता भांडता मला कळलं की उत्तर द्यायला आता तुम्ही नाही, आणि मी आपली एकटीच आवाज चढवते आहे.

काल सकाळच्या एस.टी.नं जळगावला गेले. साहेबांना फोन केला तर ते म्हणाले, ताई, कपावर कोण बारकाईनं बघतंय, आहेत तेच द्या. मी फोन ठेवून दिला. सब्लिमेशनची छपाई घासून निघत नाही, रंग कपाच्या आवरणात उतरतो. जुने कप दुरुस्त करायचा मार्गच नव्हता. बासष्ट कोरे कप मिळाले. मांडीवर खोकं घेऊन परत आले, तरी अमळनेरच्या पुढं एका खड्ड्यात एक फुटला. एकसष्ट राहिले.

लाइट गेली.

परत आली. वीस मिनिटं गेली होती. आत जो कप होता त्यावर आबांच्या बाजूला सगळं तपकिरी आलंय. तो गेला, म्हणजे आता एकूण बरोबर साठच, त्यातले एकतीस झाले. एकही चुकवून चालणार नाही.

नव्या छपाईत मनोरा अर्धा कापला आहे, तेवढं माफ करा. माणसं सात आहेत. पट्टीची दोन टोकं कानापाशी भिडतात, त्यामुळे तुम्ही आणि आबा जवळ आलात, मधे फक्त कान.

उद्या आबांच्या नावानं आईला शाल-श्रीफळ देणार आहेत, त्याबरोबर कप. कुटुंबातर्फे दोन शब्द मी बोलायचेत. काय बोलायचं ते मी ठरवलं होतं. मी माझ्या हातानं तुम्हाला कापलं, हे सगळ्या गावासमोर सांगणार होते. आईला मात्र काहीच सांगितलं नव्हतं. पहिला कपही तिला दाखवला नव्हता, कारण ती विचारेल याची मला भीती होती.

बीप.

चव्वेचाळीस. मधे बराच वेळ लिहिलं नाही. आई येऊन गेली, म्हणजे अजून इथंच आहे, कोपऱ्यात खुर्चीवर बसली आहे. एवढ्या उन्हात डोक्यावरून पदर घेऊन डबा घेऊन आली. मी नको म्हणायच्या आत तिनं टेबलावरचा गार झालेला कप उचलला. बघत राहिली. मग तिची नजर कोपऱ्यातल्या जुन्या खोक्यांवर गेली. तिनं त्यातलाही एक काढला. दोन्ही कप शेजारी धरले. आई फार शिकलेली नाही, पण सात आणि सहा तिला कळतात.

मी सांगून टाकलं. कापलं तेही, संजू बोलला तेही. म्हटलं आता रागावेल, शिव्या देईल.

ती म्हणाली, “माले ठाऊक व्हतं.”

“काय ठाऊक व्हतं?”

“पंपनं.”

मग ती बोलली. इतकी वर्षं न बोललेलं, थांबून थांबून. त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही भिजलेल्या वर्दीतच आमच्या दारात आलात. आई बायकांच्या घोळक्यात बसली होती. तुम्ही टोपी काढून तिला म्हणालात, “वहिनी, मी पंप सोडा नही.” तुम्हाला वाटत होतं, तेवढं तरी तिला कळावं. आणि आई म्हणाली, “सोडाले पाहिजे व्हता. तुमी बाहेर उभा ऱ्हायनात आनि मना मानूस जयी गया.”

“बाया बठेल व्हत्यात,” आई म्हणाली. “बठ्ठीसनी आयकं. तठून ते गावमा गयं.”

ते वाक्य, नाना. मी ज्याच्यावर वाढले ते. ते माझ्या आईच्या तोंडून निघालं होतं.

“मंग माले काब्र सांगं नही?” मी ओरडलेच. “त्यासले तरी सांगानं व्हतं, चुकनं म्हनीसन!”

ती म्हणाली की दर दिवाळीला, तुम्ही वाळूची बादली घेऊन यायचात तेव्हा, सांगायचं ठरवायची. तुम्ही गॅसची नळी बघून, चहा पिऊन जायचात, आणि राहून जायचं. एकदा तुम्हीच तिला म्हणाला होतात, राहू द्या वहिनी, पोरीला कळलं तर ती तुमच्याशी बोलायची नाही, माझ्याशी नाही बोलली तर चालेल.

म्हणून हळदीच्या दिवशी तुम्ही आईकडे बघितलंत. आणि मी तुम्हाला काय काय बोलत राहिले, चहा देता देता, हसत हसत.

मी रडले, नाना. सगळ्या कपांवर पाणी पडेल म्हणून आईनं मला बाजूला ओढलं. तुमच्या सूनबाई इथं असत्या तर बरं झालं असतं.

थोड्या वेळानं मी डोळे पुसून पुढचा कप लावला, कारण लाइट आहे तोवरच काम होणार. आई खुर्चीवरून बघत होती. नवा कप अजून तिच्या मांडीवर होता. मी म्हणाले, उद्या मी काय बोलणार आहे ते ऐक, आणि सांगायला लागले. तिनं हातानं थांबवलं.

“सकाय माईक तू नको ली,” ती म्हणाली. “माले दे.”

उद्या सकाळी दहा वाजता, सगळ्या गावासमोर, माझी शहात्तर वर्षांची आई माईक हातात धरणार आहे. ती आयुष्यात कधी चार माणसांत उभी राहून बोललेली नाही. ज्यांना तिला सांगायचं आहे, नाना, ते तुम्ही एकटेच आहात, आणि तुम्हीच तिथं नसाल.